घशाचा कॅन्सर : तपास कसा होतो, ‘स्टेज’ कशी ठरते?

२००९ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचे मामा हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा त्यांच्या काखेत जाडजूड फाईल होती. बरोबर गेलेल्या मामेभावाच्या तोंडून दोनच शब्द बाहेर पडले, “चौथी स्टेज.” मामींनी दारातच बसकण मारली. शेजारच्या बायाबापड्या धावून आल्या. रात्री नात्यातली चार माणसे बसली आणि त्यातले एक वडीलधारे म्हणाले, “आता पैसा घालवण्यात अर्थ नाही. गावी घेऊन चला. राहिलेले दिवस आपल्या माणसांत जाऊ द्या.” मामा भिंतीला टेकून हे सगळे ऐकत होते. त्यांना काही बोलायचे असावे, पण आवाज निघत नव्हता.

मामा गोदीत कामाला होते. चाळीच्या गायन पार्टीत पहिला आवाज त्यांचा असायचा. चौदा एप्रिलला त्यांनी सूर लावला की मागच्या गल्लीतली माणसे बाहेर यायची. त्या वर्षी जयंतीला त्यांचा आवाज बसलेला होता. “रात्रभर गायलो, म्हणून बसला,” असे ते म्हणाले आणि आम्हीही तेच मानले. खडीसाखर झाली, हळदीचे दूध झाले, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. पाच महिने गेले. मानेला गाठ आली तेव्हा कुठे मोठ्या हॉस्पिटलात गेले.

त्या रात्री फाईल उघडून वाचली ती एकट्या धाकट्या मामेबहिणीने. ती तेव्हा बारावीला होती. तिने एका ओळीवर बोट ठेवले, “टी ४ए, एन १, एम ०.” आणि विचारले, “दादा, ह्या एमच्या पुढे शून्य का आहे?” तिथे बसलेल्या एकालाही उत्तर देता आले नाही. गावी जायचे म्हणणारे तेवढे गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी केसपेपरच्या मागे घशाचे चित्र काढून समजावले. त्या दिवशी जे कळले, आणि पुढे विचारत-वाचत जे कळत गेले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावे म्हणून हा लेख. ‘स्टेज’ हा शब्द आपल्या वस्तीत शिक्षेसारखा ऐकला जातो. खरे तर ती डॉक्टरांनी काढलेली वाटेची खूण असते, आणि ती खूण घरच्यांना वाचता आली पाहिजे.

घशाचे मजले

आपण ज्याला सरसकट घसा म्हणतो ते एक घर नाही, मजल्यामजल्यांची चाळ आहे. सर्वांत वर नाकाच्या मागचा भाग. त्याखाली तोंडाच्या मागचा भाग : टॉन्सिल, टाळूचा मऊ भाग आणि जिभेचे मूळ. त्याखाली अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला गिळण्याचा भाग. आणि त्याच्या पुढच्या बाजूला स्वरयंत्र, म्हणजे पुरुषांच्या गळ्यावर जे हाड वर-खाली होताना दिसते त्याच्या आत. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. ते एकमेकांजवळ येऊन थरथरले की आवाज निघतो.

कॅन्सर कोणत्या मजल्यावर आहे यावर बरेच काही अवलंबून असते. स्वरतंतूवर मोहरीएवढी गाठ आली तरी आवाज घोगरा होतो. म्हणजे ती लगेच चुगली करते. शिवाय त्या भागातून मानेकडे जाणाऱ्या रसवाहिन्या फार थोड्या असल्याने ती तिथेच बराच काळ थांबते. गिळण्याच्या भागातली गाठ मात्र चोरासारखी वाढते. तिथे जागा मोकळी, त्रास उशिरा. पुष्कळदा मानेतली गाठ हेच तिचे पहिले लक्षण असते.

तीन आठवड्यांचा नियम

सर्दी-खोकल्याने बसलेला आवाज दोन-अडीच आठवड्यांत सुटतो. म्हणून साधा नियम लक्षात ठेवावा : आवाजातला घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायचेच. तंबाखू, विडी किंवा दारूची सवय असेल तर एक दिवसही पुढे ढकलू नये.

इतर खुणा अशा : घास अडकल्यासारखा वाटणे, गिळताना दुखणे, मानेत न दुखणारी गाठ, थुंकीतून रक्त, कारण नसताना वजन उतरणे. कान ठीक असूनही एकाच बाजूचा कान दुखत राहणे हीही खूण आहे, कारण घशाच्या आणि कानाच्या नसा एकमेकींशी जोडलेल्या असतात. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर मात्र ओ.पी.डी.च्या वाराची वाट पाहू नका, त्याच क्षणी मोठे हॉस्पिटल गाठा.

ही लक्षणे असणाऱ्या प्रत्येकाला कॅन्सर असतो असे मुळीच नाही. पुष्कळांच्या घशात साधी सूज किंवा स्वरतंतूवरची साधी गाठ निघते. पण ते ठरवणे आपले काम नाही, आणि औषधाच्या दुकानदाराचेही नाही.

आरसा, दुर्बीण आणि तुकडा

डॉक्टर आधी विचारपूस करतात : आवाज कधीपासून बसला, विडी किती, मिसरी लावता का, दारू किती. इथे खोटे बोलू नये. मग ते बोटांनी मान चाचपून गाठी पाहतात. त्यानंतर घशाच्या आत पाहायचे.

जिवंत माणसाचे स्वरतंतू हलताना पाहण्याची युक्ती प्रथम नीट सापडली ती एका गायन-शिक्षकाला. मॅन्युएल गार्सिया नावाच्या या स्पॅनिश गुरुजींनी १८५४ साली दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा आपल्याच घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडले आणि स्वतःचे स्वरतंतू पाहिले. तसला लांब दांड्याचा आरसा आजही कान-नाक-घसा विभागात दिसतो. हल्ली नाकातून बारीक, वाकणारी दुर्बीण घालतात. नाकात बधिर करणारा फवारा मारतात, थोडे शिंकल्यासारखे होते, आणि काही मिनिटांत काम आटोपते. स्वरतंतू हलतो की अडकला आहे, हे इथेच दिसते. ही गोष्ट पुढे स्टेज ठरवताना फार महत्त्वाची ठरते.

संशयास्पद गाठ दिसली तर तिचा तुकडा काढावा लागतो. त्यालाच बायोप्सी म्हणतात. घशात खोलवर पोचायचे असल्याने बहुतेक वेळा पेशंटला पूर्ण भूल देऊन, तोंडातून सरळ नळी घालून हे करतात. त्याच वेळी अन्ननलिकेचे तोंडही पाहून घेतात. कारण ज्या तंबाखूने एक जागा बिघडवली तिने दुसरीही बिघडवलेली असू शकते.

तुकडा पॅथॉलॉजीच्या डॉक्टरकडे जातो, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो आणि मगच ‘कॅन्सर आहे’ हे पक्के होते. घशाच्या बहुतेक कॅन्सरच्या रिपोर्टवर ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ असे लिहिलेले असते. पुढे ‘वेल’, ‘मॉडरेटली’ किंवा ‘पुअरली डिफरन्शिएटेड’ असे शब्द येतात, किंवा ‘ग्रेड २’, ‘ग्रेड ३’. हा ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे. पेशी किती बिघडल्या आहेत ते ग्रेड सांगतो, रोग किती दूर गेला आहे ते स्टेज सांगते. ‘ग्रेड ३’ वाचून ‘तिसरी स्टेज’ समजलेली आणि रडत बसलेली घरे आम्ही पाहिली आहेत.

टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या तुकड्यावर ‘पी-१६’ नावाची आणखी एक तपासणी करतात. एच.पी.व्ही. या विषाणूमुळे झालेला कॅन्सर तिच्यावरून ओळखता येतो. तो उपचारांना चांगली दाद देतो आणि त्याच्या स्टेजचा तक्ताही वेगळा आहे.

एका युवराजाचा घसा

तुकडा योग्य जागेवरून यावा लागतो, हे इतिहासातल्या एका गोष्टीवरून कळेल. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज १८८७ च्या जानेवारीत बसला. डॉक्टरांना स्वरतंतूवर छोटी गाठ दिसली. ती तापल्या तारेने जाळली, तरी पुन्हा वाढली. जर्मन डॉक्टरांना कॅन्सरचा संशय आला आणि त्यांनी ऑपरेशन सुचवले. मे महिन्यात इंग्लंडहून आलेले घशाचे प्रसिद्ध तज्ज्ञ मोरेल मॅकेंझी म्हणाले, आधी तुकडा तपासा. तुकडे गेले ते रुडॉल्फ विर्को यांच्याकडे, म्हणजे त्या काळातल्या सर्वांत मोठ्या पॅथॉलॉजी तज्ज्ञाकडे. त्यांना त्या तुकड्यांत कॅन्सर दिसला नाही. ऑपरेशन रद्द झाले.

नोव्हेंबरपर्यंत मात्र शंका उरली नाही. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वासासाठी गळ्याला भोक पाडावे लागले. मार्चमध्ये वडील वारले आणि फ्रेडरिक सम्राट झाला, पण त्याचा आवाज गेलेला होता. चिठ्ठ्या लिहून त्याने ९९ दिवस राज्य केले आणि १५ जून १८८८ रोजी तो मरण पावला. शवविच्छेदनात स्वरयंत्राचा कॅन्सरच निघाला. त्या काळी ते ऑपरेशनही जीवघेणेच होते, त्यामुळे दोष कोणाचा यावर पुढे खूप वाद झाले. आपण त्यातून एवढेच घ्यावे : तुकड्यात कॅन्सर दिसला नाही, पण त्रास आणि गाठ कायम आहे, तर तपास तिथे थांबवायचा नसतो. पुन्हा दाखवायचे आणि गरज पडली तर पुन्हा तुकडा द्यायचा.

“सुई लावली की पसरतो”

ही समजूत आपल्या वस्त्यांत फार खोल गेली आहे. मानेतल्या गाठीत बारीक सुई घालून थोड्या पेशी काढतात, त्या तपासणीला एफ.एन.ए.सी. म्हणतात. तिने किंवा घशातला तुकडा काढल्याने रोग शरीरभर पसरतो, ही भीती निराधार आहे. रोग पसरतो तो महिनोन्‌महिने घरी बसल्याने. तुकडा काढला आणि पुढे माणूस गेला, अशा गोष्टी सांगितल्या जातात खऱ्या. पण त्यातली बहुतेक माणसे तुकडा काढायलाच फार उशिरा गेलेली असतात.

तुकड्यानंतर सी.टी. स्कॅन किंवा एम.आर.आय. काढतात. दुर्बिणीला गाठीचा फक्त वरचा भाग दिसतो. ती खाली किती रुजली, स्वरयंत्राच्या कूर्चेत शिरली का, मानेत आणखी गाठी आहेत का, हे स्कॅनमध्ये कळते. छातीचाही एक्स-रे किंवा स्कॅन होतो, कारण हा रोग दूर जातो तेव्हा बहुधा आधी फुप्फुसात जातो. पेट स्कॅन महागडा असतो आणि तो प्रत्येकाला लागतोच असे नाही. डॉक्टरांनी सांगितला नाही म्हणून आपल्यावर अन्याय झाला असे समजू नये.

तीन अक्षरे

आता मामेबहिणीच्या प्रश्नाकडे येऊ. ही टी-एन-एम पद्धत फ्रेंच डॉक्टर पिअर देनुआ यांनी १९४० च्या दशकात मांडली आणि आज ती जगभर वापरली जाते.

टी म्हणजे मूळ गाठ. स्वरतंतूच्या कॅन्सरचे उदाहरण घेऊ. टी १ : गाठ स्वरतंतूपुरतीच आहे आणि तंतू नीट हलतो. टी २ : गाठ वरच्या किंवा खालच्या भागात सरकली आहे, किंवा तंतूची हालचाल मंदावली आहे. टी ३ : गाठ स्वरयंत्राच्या आतच आहे, पण तंतू अडकून बसला आहे, किंवा ती आतून कूर्चेपर्यंत पोचली आहे. टी ४ए : गाठ कूर्चा फोडून बाहेर आली आहे किंवा आसपासच्या भागात शिरली आहे, तरीही ती काढता येण्याजोगी असते. टी ४बी : गाठ मणक्यापुढच्या भागात किंवा छातीच्या पोकळीत शिरली आहे, किंवा तिने मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला वेढले आहे. टॉन्सिलच्या मजल्यावर मात्र सुरुवातीचा हिशोब मापाचा असतो : २ सेंटिमीटरपर्यंत टी १, ४ पर्यंत टी २, त्याहून मोठी ती टी ३.

एन म्हणजे मानेतल्या गाठी. एन ० : गाठ नाही. एन १ : त्याच बाजूला एकच गाठ, ३ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे साधारण आवळ्याएवढी. एन २ : त्याहून मोठी, किंवा एकापेक्षा जास्त, किंवा दुसऱ्या बाजूलाही. एन ३ : ६ सेंटिमीटरहून मोठी, किंवा आवरण फोडून बाहेर पडलेली.

एम म्हणजे दूर गेलेला रोग. फुप्फुस, यकृत, हाडे यांत काही नसेल तर एम ०, असेल तर एम १.

एक ते चार

ह्या तिन्ही अक्षरांचा मेळ घालून स्टेज ठरते. टी १, एन ०, एम ० ही पहिली. टी २, एन ०, एम ० ही दुसरी. टी ३ असेल, किंवा गाठ लहान असूनही मानेत एन १ असेल, तर तिसरी. चौथीचे तीन भाग आहेत. टी ४ए किंवा एन २ असेल तर ‘चार-ए’. टी ४बी किंवा एन ३ असेल तर ‘चार-बी’. आणि एम १ असेल तरच ‘चार-सी’.

इथेच घोटाळा होतो. चौथी म्हटली की लोकांना वाटते, रोग अंगभर पसरला. ते फक्त चार-सीला लागू आहे. तिथे आयुष्य वाढवणे आणि वेदना कमी करणे यावर भर असतो. चार-एमधल्या पुष्कळ पेशंटना बरे करण्यासाठीच ऑपरेशन आणि रेडिएशन देतात. चार-बी अवघड खरी, तरी काहींना रेडिएशन आणि केमो एकत्र देऊन बरे करण्याचा प्रयत्न होतो. तिसऱ्या स्टेजला पुष्कळदा स्वरयंत्र न काढताच रेडिएशन-केमोवर भागते. आणि पहिल्या स्टेजला? स्वरतंतूचा टी १ कॅन्सर नुसत्या रेडिएशनने किंवा लेसरने शंभरांतल्या नव्वदच्या आसपास लोकांत आटोक्यात येतो, आणि आवाजही राहतो. पहिल्या आणि चौथ्या स्टेजमध्ये पुष्कळदा काही महिन्यांच्या आळसाचेच अंतर असते.

आणखी एक गोष्ट. ऑपरेशनआधी ठरलेली स्टेज आणि काढलेला भाग तपासल्यावर ठरलेली स्टेज वेगळी निघू शकते. त्याचा अर्थ रोग आठवड्यात वाढला असा नव्हे. जे स्कॅनला दिसले नाही ते सूक्ष्मदर्शकाला दिसले, एवढाच.

फाईल घेऊन जाताना

डॉक्टरांसमोर गेल्यावर आपली माणसे गप्प होतात. म्हणून घरून वहीत लिहून न्यावे : गाठ कोणत्या मजल्यावर आहे? टी, एन, एम काय आहे? उपचार बरे करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? आवाज आणि गिळणे यांचे काय होईल? उपचार किती आठवडे चालेल? तुकड्याच्या काचेच्या स्लाईड आणि स्कॅनच्या प्रती मागून घ्याव्यात आणि जपाव्यात. दुसऱ्या हॉस्पिटलात त्याच लागतात. वाचता येणारा मुलगा किंवा मुलगी बरोबर न्यावी.

सरकारी मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात ही तपासणी होते. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून आहे. नागपूरला तुकडोजी महाराजांच्या नावाचे, तर छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवावे आणि हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटावे. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या पेशंटला हॉस्पिटलचा फॉर्म दाखवून रेल्वेभाड्यात सवलत मिळते. मुंबईत मुक्कामाची अडचण असेल तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे टाटाचे पेशंट राहतात.

आणि मूळ दुखण्याबद्दल दोन शब्द. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात १५ वर्षांवरील दर शंभरांत सव्वीस-सत्तावीस माणसे तंबाखू वापरताना आढळली. त्यात मिसरी लावणाऱ्या आपल्या आयाबहिणीही आल्या. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे मुलांनाही ठाऊक असते. रोग झाल्यावर तंबाखू सोडली तरीही उपयोग होतो : उपचार चांगले लागू पडतात आणि दुसरा कॅन्सर होण्याचा धोका घटतो.

मामांचे स्वरयंत्र काढावे लागले. मानेतल्या गाठी काढल्या, मग सहा आठवडे रेडिएशन झाले. सोसायटीचे कर्ज झाले, मामींच्या बांगड्या गेल्या. श्वासासाठी गळ्याला कायमचे छिद्र राहिले. पुढे तिथे छोटी झडप बसवली आणि छिद्रावर बोट ठेवून मामा घोगऱ्या आवाजात बोलू लागले. गाणे मात्र गेले ते गेलेच. जयंतीला ते पार्टीच्या पुढे बसून टाळी धरायचे आणि नव्या पोरांचा सूर चुकला की डोळे वटारायचे.

असे ते अकरा वर्षे जगले. मामेबहिणीचे लग्न त्यांनी पाहिले, नातू मांडीवर घेतला. त्या रात्री गावी नेले असते तर ही अकरा वर्षे आम्हाला मिळाली नसती. गायन पार्टीतल्या कोणाचा आवाज बसला की मामा बोट गळ्याच्या छिद्रावर ठेवून एकच प्रश्न विचारायचे, “किती दिवस झाले?” उत्तर तीन आठवड्यांच्या पुढचे आले, तर दुसऱ्या दिवशी स्वतः त्याच्याबरोबर ओ.पी.डी.च्या रांगेत उभे राहायचे. आज घरोघरी तेवढे विचारले गेले, तरी पुष्कळ झाले.